फलटणची रिक्षा, मद्रासचं गणित

विजेच्या गाड्यांचा आढावा म्हटलं की लिथियम, अनुदान, चार्जिंग स्टेशन हे सगळं ओघाने येतंच. वाचकांना ते पाठ आहे, तेव्हा ते सोडून देतो. ठळक टप्पेही पटकन उरकतो: २००१ला बंगळुरूची रेवा आली, २०१५ला फेम योजना, २०१९ला पुण्यात ई-बस, आणि त्याच वर्षी बजाजने चेतक स्कूटरला विजेवर आणलं. झालं!

माझा जीव अडकलाय तो छोट्या गाडीत. त्यामुळे माझ्या लेखी या विषयातले खरे प्राध्यापक म्हणजे आयआयटी मद्रासचे अशोक झुनझुनवाला. कानपूरची बी.टेक., अमेरिकेतल्या मेन विद्यापीठाची पीएच.डी. आणि १९८१पासून मद्रासला विद्युत अभियांत्रिकीचं अध्यापन. आधी नाव झालं ते कॉरडेक्टमुळे, म्हणजे तार न ओढता खेड्यात टेलिफोन. २००२ला पद्मश्री मिळाली. विजेच्या गाडीकडे ते बरेच उशिरा वळले, पण खोड तीच: आधी परवडेल का ते बघायचं, मग यंत्र. त्यांचा सगळा भर एका किलोमीटरला किती वॉट-तास लागतात यावर. साठ किलोमीटर जायचं आणि किलोमीटरला तीस वॉट-तास लागत असतील, तर अठराशे वॉट-तासांची बॅटरी हवी. मोटर, कंट्रोलर, टायर सुधारून तेच वीसवर आणलं की बाराशेत भागतं. गाडीत सगळ्यात महाग बॅटरी, आणि तीच तिसऱ्या हिश्श्याने घटली! वर बॅटरी बदलून घ्यायची सोय झाली, तर ती गिऱ्हाइकाने विकत तरी कशाला घ्यायची?

गंमत म्हणजे त्याच १९८१ साली अनिल राजवंशी अमेरिकेतून थेट फलटणला आले. ते विद्युतवाले नव्हेत, यांत्रिकीचे. पण निंबकर कृषी संशोधन संस्थेत त्यांनी सायकलरिक्षा सुधारली, मग तिला बॅटरी आणि मोटर बसवून 'इलेक्शा' केली. २००२ला 'करंट सायन्स'मध्ये त्यावर लेखही आला. तेव्हा पुण्यातल्या एका चर्चासत्रात एका विद्वानांनी मला ऐकवलं होतं, "रिक्षा हे काय संशोधन आहे?" पुढे आयात सुट्या भागांच्या ई-रिक्षांनी दिल्ली भरली, २०१४ला उच्च न्यायालयाने त्या थांबवल्या, २०१५ला त्यांच्यासाठी कायदा बदलावा लागला. विद्वान तेव्हा मोटारींवरच बोलत होते.

छोटी गाडी कुणाला पुरते, ते आमच्या अणदूर-नळदुर्ग भागात दिसतं. आमचा खंडोबा वर्षातले काही महिने अणदूरला, काही मैलारपूरला. माणसांची येजाही तेवढ्याच टापूत: नळदुर्ग, बाजार, दवाखाना, शेत. एवढ्याशा फेऱ्यांना पाचशे किलोमीटरची बॅटरी काय करायची आहे?

पण आज ही छोटी गाडी बिघडली की सगळे हात वर करतात. चाकातच बसवलेल्या हब मोटरमध्ये तीन जाड वायरी आणि पाच बारीक. बहुतेक वेळा बारीक वायरींच्या टोकाचा, चाक कुठे फिरलंय ते कंट्रोलरला सांगणारा हॉल सेन्सर गेलेला असतो. चिमटीत मावणारा, किरकोळ किमतीचा भाग. चाक झटके देतं, जागच्या जागी थरथरतं. पदवीची मुलं मोबाइलवर फॉल्ट कोड वाचतात आणि म्हणतात, "सर, मोटरच बदलू." आमच्याकडे पाणबुडी मोटारींचं रिवाइंडिंग करणारा एक पोरगा आहे. तो चुंबकाच्या ओढीत बोट सापडू न देता झाकण सोडवतो, तिन्ही सेन्सर मीटर लावून तपासतो, मेलेला काढून नवा डकवतो. त्याला वर्गात बोलवा म्हणून मी एका महाविद्यालयाला सुचवलं. तिथून उत्तर आलं, त्याची शैक्षणिक पात्रता कळवा.