वरच अडकलेला बँड

जेलचा फोटो हातात आला तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं, "ट्यूब बदलली का?" मध्ये सलग चार जी असलेला डीएनएचा इवलासा तुकडा; तो जेलमध्ये सगळ्यांच्या पुढे पळायला हवा होता. तो वरच थबकला होता. नवा तुकडा मागवला, तेच. ९५ अंशांवर तापवला, युरियाच्या जेलवर चालवला, तरी बँड हलेना. आठवडाभरानं शेजारच्या बाकावरच्या मॅडमनी माझ्या बफरच्या बाटलीवरचं लेबल वाचलं. "अगं, पोटॅशियम काढ. लिथियम घालून बघ." त्या बफरमध्ये नवं सॅम्पल बनवलं आणि बँड मुकाट्यानं खाली आला.

चार जी, म्हणजे ग्वानिन, एकमेकांना धरून चौकोन करतात, चौकोनांवर चौकोन चढतात आणि मधल्या पोकळीत पोटॅशियम चपखल बसतं. लिथियम तिथं फारच लहान पडतं. हाच जी-क्वाड्रुप्लेक्स. माझे चार तुकडे मिळून एक झाले होते, म्हणून बँड जड.

याआधीही अनेकांची ट्यूब अशीच 'बिघडली' होती. ग्वानिलिक आम्लाचं दाट द्रावण जेलीसारखं घट्ट होतं, हे इव्हार बँग यांनी १९१० मध्येच नोंदवलं होतं. त्या जेलीत चौकोन आहेत, हे बेथेस्डाच्या गेलर्ट, लिप्सेट आणि डेव्हिस यांनी क्ष-किरणांनी दाखवलं ते १९६२ मध्ये. त्याच वर्षी नोबेल मिळालं डीएनएच्या दुहेरी गोफाला. चौकोन मागेच राहिले, याची मला आजही हळहळ वाटते.

पण हे सगळं ट्यूबमधलं, जिवंत पेशीत कुठे? ही शंका फार वर्षं टिकली. २०१३ मध्ये केंब्रिजमध्ये चेन्नईत जन्मलेल्या शंकर बालसुब्रमणियन यांच्या गटानं खास अँटिबॉडी वापरून मानवी पेशींत हे क्वाड्रुप्लेक्स ठिपक्यांसारखे उजळवले. डीएनएची प्रत निघत असताना ते सर्वाधिक दिसले. सी, म्हणजे सायटोसिन, भरपूर असलेल्या धाग्यात होणाऱ्या आय-मोटिफ या रचनेची कथा आणखी अवघड. १९९३ मध्ये तो सापडला खरा, पण त्याला आम्लता लागते, म्हणून पेशीत तो शक्यच नाही, असं अनेकांना वाटे. सिडनीच्या गार्व्हन संस्थेनं २०१८ मध्ये तोही पेशीत दाखवला.

पेशीतल्या पाण्यात सोडियमपेक्षा पोटॅशियम कितीतरी जास्त असतं. मला ते बाटलीतून काढता आलं, पेशीला काढता येत नाही. तिच्याकडे क्वाड्रुप्लेक्सच्या या गाठी सोडवणारी हेलिकेज प्रथिनं आहेत. त्यांतलंच एक बीएलएम. त्याचा जनुक दोन्ही प्रतींत बिघडला तर ब्लूम सिंड्रोम होतो आणि अशा मुलांना फार लवकर कर्करोग गाठू शकतो.