संघाचं वय कोण ठरवतं?

स्पर्धेची नोंदणी सुरू झाली की प्रौढांच्या हौशी क्लबात सेक्रेटरीच्या वहीला एकदम भाव येतो. कोणाची जन्मतारीख काय, कोण कोणत्या गटात, रिलेला चौथा कोण, यावरून सरावानंतरच्या चहावर खडाजंगी होते. दोन्ही बाजू ठामपणे बोलतात, आणि पुष्कळदा दोन्ही बाजू चुकीच्या असतात.

सगळ्यात जुना समज हा की वयोगटाच्या, म्हणजे मास्टर्स, स्पर्धा म्हणजे निवृत्त मंडळींची करमणूक. प्रत्यक्षात मास्टर्स जलतरणाचा पहिला गट पंचविशीला सुरू होतो, रोइंगचा सत्ताविसाव्या वर्षी आणि अॅथलेटिक्सचा पस्तिशीला. जलतरण आणि अॅथलेटिक्समध्ये पुढे दर पाच वर्षांना नवा गट, आणि वरच्या बाजूला मर्यादा नाही. मान कौर २०१७ मध्ये ऑकलंडच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्समध्ये १०० मीटर धावल्या तेव्हा त्या १०१ वर्षांच्या होत्या; वेळ ७४ सेकंद. त्यांच्या गटात त्या एकट्याच होत्या म्हणून त्यांच्या सुवर्णपदकावर नाक मुरडणारेही भेटतात. शंभरी ओलांडून ट्रॅकवर उभं राहणारं दुसरं कोणी नसेल, तर तो मान कौर यांचा दोष कसा?

दुसरा समज वाढदिवसाचा. ‘साठ पुरी झाली की साठीचा गट’ हे अॅथलेटिक्समध्ये खरं आहे. तिथे स्पर्धेच्या पहिल्या दिवशी तुमचं जे वय, तोच गट. जलतरणात आणि रोइंगमध्ये मात्र त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला होणारं वय धरतात. २० डिसेंबर १९६५ ला जन्मलेले गृहस्थ फेब्रुवारी २०२५ मध्ये पोहायला उतरले तर ते ६० ते ६४ च्या गटात, आणि त्याच आठवड्यात धावायला उतरले तर ५५ ते ५९ च्या. स्थानिक आयोजक दहा-दहा वर्षांचे गट करतात, कधी स्वतःचीच तारीख ठरवतात; त्यामुळे माहितीपत्रक वाचल्याशिवाय कोणाला शब्द देऊ नये. आणि तारीख कागदावरचीच चालते. आपल्याकडे एका पिढीत निम्मा गाव १ जूनला जन्मलेला, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख सोयीची मानली. आई काहीही सांगो, परदेशातल्या स्पर्धेत पासपोर्टवर जे छापलंय तेच वय.

आता खरा गुंता. ‘संघाचं वय म्हणजे चौघांची सरासरी’ असं बहुतेकांना वाटतं. सरासरी काढतात ती रोइंगमध्ये. अॅथलेटिक्सच्या रिलेत संघाचा गट सगळ्यात तरुण खेळाडूवरून ठरतो. जलतरणाच्या रिलेत चौघांच्या वयांची बेरीज करतात: १०० ते ११९, १२० ते १५९, १६० ते १९९, २०० ते २३९, असं पुढे चाळीस-चाळीसनं.

एकाच क्लबातले चार जण घ्या: ६२, ५८, ५१ आणि ४४ वर्षांचे. (स्पर्धा वर्षअखेरीची आहे आणि चौघांचे वाढदिवस होऊन गेलेत असं धरू, म्हणजे तारखेचा घोळ नको.) बेरीज २१५, म्हणून तलावात ते २०० ते २३९ च्या गटात. सरासरी पावणेचोपन्न, म्हणून नावेत ते ‘डी’ गटात; हा गट सरासरी पन्नासपासून सुरू होतो आणि ‘ई’ला पंचावन्न लागते. ट्रॅकवर मात्र चव्वेचाळीसवाल्यामुळे बाकीचे तिघेही चाळिशीच्या गटात ओढले जातात आणि बासष्ट वर्षांच्या काकांना वीस वर्षांनी लहान पोरांच्या शेजारच्या लेनमध्ये बॅटन घ्यावं लागतं.

म्हणजे संघ बांधायची रीतही खेळागणिक बदलते. ट्रॅकवर चव्वेचाळीसच्या जागी पन्नाशीचा मिळाला की अख्खा संघ पन्नाशीच्या गटात जातो; तो थोडा हळू असला तरी सौदा फायद्याचा. नावेत एकोणपन्नासचा मिळाला तरी पुरे, कारण बेरीज २२० होऊन सरासरी बरोबर पंचावन्नवर येते. मास्टर्स रोइंगमध्ये कॉक्सचं, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याचं, वय हिशेबात धरत नाहीत, तेव्हा सुकाणूवर आजोबांना बसवून सरासरी वाढवायची युक्ती चालत नाही. तलावात ज्येष्ठ सभासद म्हणजे ठेव. बेरीज १९६ वर अडकलेल्या संघाला चार वर्षं जास्त असलेला एक पोहणारा वरच्या गटात नेतो.

तरीही हे ज्येष्ठ सभासद ‘मला आता ब्लॉकवरून सूर मारता येत नाही’ म्हणून मागे राहतात. मारायची गरजच नाही. मास्टर्स जलतरणात काठावरून किंवा पाण्यातून, भिंतीला हात लावूनही सुरुवात करता येते. बटरफ्लायमध्ये ब्रेस्टस्ट्रोकची लाथ चालते. खांदे शाबूत पण कंबर कुरकुरणाऱ्या माणसाला एवढी मोकळीक पुष्कळ झाली.

‘हलका गोळा म्हणजे फसवाफसवी’ हा आणखी एक समज, विशेषतः जुन्या कॉलेज चॅम्पियन लोकांचा. पुरुषांना एकोणपन्नासपर्यंत नेहमीचा ७.२६ किलोचा गोळा. पन्नाशीत ६ किलो, साठीत ५, सत्तरीत ४ आणि ऐंशीनंतर ३. त्या त्या गटाचे विक्रम त्या त्या वजनावरच नोंदवले जातात, तेव्हा फसवणूक कोणाचीच नाही. अडचण असते ती क्लबच्या सामानाच्या खोलीत. तिथे एकच जुना लोखंडी गोळा, आणि साठीचे गृहस्थ वर्षभर त्यावरच खांदा झिजवतात. स्पर्धेच्या दिवशी पाच किलोचा हातात आला की सगळा ताल बिघडतो. चषकांच्या कपाटावर होणाऱ्या खर्चात दोन गोळे सहज येतील.

राहिला वर्तमानपत्री समज: ‘जागतिक मास्टर्स जलतरण स्पर्धेत भारताचं प्रतिनिधित्व’. या स्पर्धेत कोणीच देशातर्फे उतरत नाही. नियमानं प्रवेश क्लबच्या नावानं असतो. अॅथलेटिक्सच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत देशाचा बनियन घालतात खरा, पण तिथे पात्रतेची वेळ गाठावी लागत नाही. यात कमीपणा काहीच नाही. मात्र सत्काराच्या फ्लेक्सवर ‘निवड’ हा शब्द छापण्याआधी कोणी निवडलं ते विचारावं. संघ बांधणाऱ्याला जलतरणातल्या या क्लबच्या नियमातली खरी कळ रिलेत लागते. चौघंही एकाच क्लबचे नोंदलेले असावे लागतात. कोथरूडच्या एका क्लबात दोन आणि डेक्कनच्या दुसऱ्यात दोन उत्तम पोहणारे असतील, रोज एकमेकांना भेटत असतील, तरी त्यांचा संघ होत नाही. कोणीतरी दोघांनी आपला क्लब बदलायला हवा, आणि हे बोलणं नोंदणीच्या शेवटच्या दिवशी काढून उपयोग नसतो.