नवीन घरात सामान भरताय? पैसा एकदाच जाऊ द्या!
पंखा, कूलर, गादी, अलमारी, कुकर घेताना काय पाहावं. किस्त आणि बिलाचं गणित कसं समजून घ्यावं

आर्वी, तालुका प्रतिनिधी :

सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला-दुसरा वेचा विकला की आर्वीच्या बाजारात गर्दी वाढते. कोणाचं घरकुल पूर्ण झालेलं असतं, कोणाचं लग्न जुळलेलं असतं, कोणी भावापासून वेगळं होऊन चूल मांडत असतं. पहिल्यांदाच स्वतःचं घर आणि त्यात भरायचं सामान. हाती पैसा असतो, दुकानात सगळंच चकाकतं आणि दोन तासात साठ-सत्तर हजाराचं सामान मेटॅडोरमध्ये चढतं. त्यातलं निम्मं तीन वर्षांत भंगारवाल्याच्या गाडीवर दिसते. कपाटाचा पत्रा सडला, प्लायचा पलंग फुगला, मिक्सर जळला.

असं होऊ नये म्हणून ही माहिती. कंपनी कोणती घ्यावी हे इथे सांगितलेलं नाही. कोणत्याही दुकानात, कोणत्याही कंपनीच्या मालात काय पाहावं, तेवढं सांगितलं आहे.

आधी यादी, मग दुकान

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी आपल्या भागात केंद्राच्या योजनेतून 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. घराचं क्षेत्र कमीत कमी 25 चौरस मीटर, म्हणजे जवळपास 269 चौरस फूट. हा पैसा भिंती आणि छतासाठीच पुरत नाही, सामान आपल्याच खिशातून येते. आणि एवढ्या घरात सोफासेट, ड्रेसिंग टेबल, डबल बेड, कपाट सगळं कोंबलं तर माणसं बसतील कुठं?

म्हणून दुकानात जायच्या आधी घरी बसून यादीचे तीन भाग करा. पहिला भाग : ज्याच्याशिवाय पहिला दिवस निघत नाही. वायरिंग, शेगडी, भांडी, गादी, पाण्याची साठवण. दुसरा : वर्षभरात लागणारं. पंखा, कूलर, कपाट, मिक्सर. तिसरा : जमलं तर. सोफा, शोकेस, मोठा टीव्ही. पैसा पहिल्या भागात चांगला घाला. तिसरा भाग पुढच्या हंगामावर टाका. घरात टेपने मापं घ्या, दाराची रुंदीसुद्धा. दारातून आत न जाणारे पलंग गावोगाव झाले आहेत.

लग्नात आंदण देणाऱ्या बापानेही हा विचार करावा. मांडवात दिसायला दहा वस्तू मांडण्यापेक्षा चार पक्क्या वस्तू पोरीच्या कामी जास्त येतात. आणि मागून घेतलेलं सामान हा हुंडाच आहे, 1961 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

सगळ्यात पहिला खर्च : वायरिंग आणि अर्थिंग

घरात पहिली पक्की वस्तू कोणती घ्यायची असेल तर ती भिंतीच्या आतली. वायर, बटन, सॉकेट यावर आयएसआय छाप पाहूनच घ्या. भिंतीला प्लास्टर व्हायच्या आधी पाईप टाकून घ्या आणि कूलर, फ्रिज, मिक्सर कुठे ठेवणार ते ठरवून तिथेच पॉइंट काढा. नंतर एका बोर्डावरून तीन-तीन जोडण्या लोंबत राहतात, आग तिथूनच लागते.

अर्थिंग मात्र बरेच लोक वाचवतात. दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं, लहान लेकरं गेल्याच्या बातम्या येतात. आम्हीच त्या लिहितो. कारण साधं आहे. कूलर लोखंडी, आत पाणी, खाली ओली फरशी. पंपाची किंवा मोटरची वायर आतून सोलली की करंट पत्र्यात उतरतो. अर्थिंग असली तर तो जमिनीत जातो. नसली तर कूलरला हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो.

यासाठी तीन गोष्टी करा. एक, घराला स्वतःची अर्थिंग खड्डा करून घ्या आणि तीन पिनच्या सॉकेटपर्यंत तिची वायर पोहोचवा. प्लगची तिसरी पिन तोडून दोन पिनच्या बोर्डात घालू नका. दोन, मीटरजवळ 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. करंट दुसरीकडे गळायला लागला की ती डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडते. तिच्यावर टेस्टचं बटन असते, महिन्यातून एकदा दाबून पाहा. लाइन गेली पाहिजे. नाही गेली तर बदला. साधी एमसीबी हे काम करत नाही. ती जास्त लोड आणि शॉर्टसर्किटसाठी असते. तीन, कूलरमध्ये पाणी भरताना बटन बंद करून भागत नाही, प्लग काढा.

कूलर आणि पंखा

आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, कूलर चैनीची वस्तू राहिली नाही. लोखंडी कूलर घेताना टाकीचा पत्रा पाहा, सडते ती टाकीच. आतून रंग नीट आहे का, जोडावर गंज आहे का, तळाशी पाणी काढायला बूच आहे का? हंगाम संपला की पाणी काढून, ताट्या वाळवून, टाकी पुसून ठेवली तर कूलर कितीतरी जास्त चालतो. प्लास्टिक बॉडीत गंज आणि शॉकचा धोका कमी. पण फुटली तर वेल्डिंगवाला काही करू शकत नाही, लोखंडी मात्र गावातच दुरुस्त होतो.

छताच्या पंख्यावर जानेवारी 2023 पासून स्टार लेबल सक्तीचं आहे. जुन्या पद्धतीचा पंखा साधारण 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. हिशेब पाहा. फरक 45 वॅट. दिवसाला 15 तास, वर्षात 240 दिवस पंखा चालला तर 162 युनिट वाचतात. युनिट 6 रुपयाचा धरला तरी वर्षाला 972 रुपये. म्हणजे महाग पंख्याचे जास्तीचे पैसे दोनेक वर्षांत निघतात. पण त्यात इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. ती गेली तर दुरुस्ती कुठे होते, आर्वीत की वर्धा-अमरावतीला, हे आधीच विचारा.

स्वयंपाकघर : वजन पाहा, छाप पाहा

प्रेशर कुकरवर आयएसआय छाप 1 फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा आहे. बिनछापाचा कुकर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, तो फुटला तर समोर घरचीच बाई उभी असते. घेतानाच विचारा, या कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आर्वीत मिळतो का.

उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात जोडणीसोबत पहिलं सिलिंडर आणि शेगडी फुकट मिळते. शेगडी स्वतः घेत असाल तर तिच्यावरही छाप पाहा. गॅसची नारंगी नळी पाच वर्षांनी बदलायचीच, तारीख नळीवर छापलेली असते. सिलिंडर उभं आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर.

स्टीलच्या भांड्यात एक गैरसमज पक्का बसला आहे : लोहचुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील चांगलं. तसं नाही. 304 नंबरच्या चांगल्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, त्याला चुंबक चिकटत नाही. पण 202 सारख्या स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, त्यालाही चुंबक चिकटत नाही. दोन्हीत फरक चुंबकाने कळत नाही. म्हणून नंबर विचारा, तो बिलावर लिहून घ्या. मीठ, लोणचं, ताक ठेवायची भांडी 304 ची असू द्या. कोपर, गंज, डबे साध्या स्टीलचे चालतात.

तवा आणि कढई मात्र लोखंडाचीच घ्या. तेल लावून, वाळवून ठेवली तर सासूची सुनेला पुरते.

गादी : कापूस आपला, गादी परक्याची कशाला?

आर्वी हा कापसाचा तालुका. तरी नव्या घरात फोमची गादी येते, ती दोन-तीन वर्षांत मधे बसते आणि दुरुस्त होत नाही. रुईची गादी जड असते हे खरं. पण ती दबली की उन्हात घाला. तीन-चार वर्षांनी पिंजून घ्या, तीच रुई पुन्हा फुलते, नवीन खोळ घातली की गादी नवी. खर्च फक्त मजुरी आणि कापडाचा.

गणित असं : 100 किलो कापसातून 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी सरकी. एका माणसाच्या गादीला साधारण 8 ते 12 किलो रुई लागते. म्हणजे 30-35 किलो कापसात एक गादी. जिनिंगवाले एवढासा कापूस सहसा वेगळा काढून देत नाहीत, म्हणून रुई विकतच घ्यावी लागते. फसवणूक होते ती इथेच. जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून केलेली रुई नवीन म्हणून भरतात. ओळख सोपी. चिमूटभर रुई दोन्ही हातांनी हळू ओढा. चांगल्या रुईचे धागे लांब निघतात. चिंध्यांची रुई लगेच तुटते, भुगा पडतो, त्यात रंगीत धागे दिसतात. गादी डोळ्यांसमोर वजन करून भरून घ्या.

आपल्याच जिल्ह्यात वर्ध्याच्या मगनवाडीत राहून जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचं काम उभं केलं. त्यांनी 1945 मध्ये तुरुंगात 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे पुस्तक लिहिलं. टिकाऊपणाचा विचार तर जिल्ह्याच्या घरचाच आहे. मगन संग्रहालय 1938 पासून तिथे उभं आहे. वर्ध्याला गेलात तर एकदा पाहून या.

पलंग आणि अलमारी

लाकडात सागवान पक्कं, पण त्यातलं आतलं पिवळसर-तपकिरी लाकूड. बाहेरच्या पांढऱ्या भागाला कीड आणि उधई लागते. पॉलिश चढल्यावर फरक दिसत नाही, म्हणून सुताराकडे पॉलिशच्या आधी जाऊन पाहा. धुऱ्यावरचं स्वतःचं सागवान असलं तरी वन खात्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. विकत घेतलं तर बिल आणि वाहतुकीचा पास मागा.

तयार फर्निचर बहुतेक दाबलेल्या भुश्याच्या पाटीचं असते. वरून चकचकीत, पण पावसाळ्यात भिंत ओलावली की फुगते आणि स्क्रू सुटतात. पैसे कमी असतील तर चौकोनी लोखंडी पाईपचा दिवाण वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या, नाहीतर नवारीचा पलंग. दोन्ही गावातच दुरुस्त होतात.

लोखंडी अलमारीत पत्र्याचा गेज विचारा. इथे आकडा उलटा चालतो : 20 गेजचा पत्रा 22 पेक्षा जाड. दाराच्या मधोमध अंगठ्याने दाबा, पत्रा डबडब वाजला तर पातळ आहे. अलमारी पायातून सडते, म्हणून खाली लाकडी ठोकळे द्या.

किस्त : 'शून्य टक्के' म्हणजे शून्य नाही

समजा फ्रिज रोखीत घासाघीस करून 14,500 ला मिळतो. तोच 'शून्य टक्के' किस्तीवर 16,000 ला आणि वर 600 रुपये फाइल चार्ज. म्हणजे 2,100 जास्त गेले, नाव शून्य टक्क्याचं.

दुसरी गोष्ट 'फ्लॅट' व्याजाची. 20,000 रुपये, 12 टक्के फ्लॅट, एक वर्ष. व्याज 2,400, किस्त 1,867. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र वर्षभर पूर्ण 20,000 वर लागते. खरा दर 21 टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2024 पासून असं कर्ज देताना सगळे खर्च धरून खरा वार्षिक दर दाखवणारा कागद कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यावा लागतो. तो मागा. मोबाईलवर अंगठा देण्याआधी वाचा. आपलं उत्पन्न हंगामाचं आणि किस्त महिन्याची, हेही ध्यानात ठेवा. पावसाने दगा दिला तर किस्त थांबत नाही.

बिल नाही तर हक्क नाही

'बिल घेतलं तर जीएसटी लागेल, तसंच न्या' असं म्हणणाऱ्याला नाही म्हणा. छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात, त्यावर एक रुपया जास्त देऊ नका. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या. मशीनमधून निघणाऱ्या बिलाची शाई उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

माल खराब निघाला आणि दुकानदार ऐकत नसला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा, मराठीतही बोलता येते. तिथे नाही जमलं तर वर्ध्याचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तू नागपूरहून आणलेली असली तरी. 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकीलही लागत नाही. मुदत दोन वर्षांची.

मोबाईलमध्ये जपून ठेवा

• आयएसआय छापाच्या वर आयएस नंबर आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. 'बीआयएस केअर' अॅपमध्ये तो टाका. कंपनीचं नाव जुळलं नाही तर छाप खोटा.
• स्टार लेबलवर वर्ष पाहा. जुन्या वर्षाचे पाच स्टार आणि आजचे पाच स्टार सारखे नसतात.
• प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न : बिघडली तर दुरुस्त कोण करणार आणि सुटे भाग कुठे मिळणार?
• विजेची वस्तू दुकानातच चालवून पाहा.
• कूलर लावण्याआधी अर्थिंग.
• बिल, शिक्का, फोटो. मगच पैसे.