गगनचुंबी इमारती, ऐतिहासिक परिसरातील

नगराच्या मध्यवर्ती भागात, ऐतिहासिक वा वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तूंशेजारी उभारावयाच्या अतिउंच इमारतींचे नियोजन व अभिकल्प हा नगररचना, वास्तुकला आणि स्थापत्य अभियांत्रिकी या तिन्ही शाखांशी निगडित विषय आहे. मध्यवर्ती भागातील जमीन दुर्मिळ व महाग असल्याने तेथे उंच बांधण्याकडे कल असतो. नगरातील जुन्या वास्तूही बहुधा त्याच भागात असतात. अशा ठिकाणी इमारतीची उंची प्रथम ठरवून मग तिला परिसरात बसविण्याचा प्रयत्न करणे धोक्याचे असते. जमीन, शेजारच्या वास्तूचा पाया, मोकळ्या जागा व दृश्य यांच्या अभ्यासातून उंची निष्पन्न व्हावी लागते. कारण रंग, काच किंवा दर्शनी भाग यांतील दोष पुढे सुधारता येतात, उंची मात्र सहसा कमी करता येत नाही.

मुंबईतील उदाहरणे : महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे मुंबईच्या फोर्ट विभागात उद्‌भवला. तेथील किल्ल्याचे तट १८६० नंतरच्या दशकात पाडण्यात आले आणि त्यानंतर उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई मनोरा इ. वास्तू उभ्या राहिल्या. जुन्या किल्ल्याच्या अंतर्भागातील हॉर्निमन वर्तुळाभोवती सेंट टॉमस कॅथीड्रल (१७१८), टाउन हॉल (१८३३) आणि सारख्या उंचीच्या, कमानदार पदपथांच्या इमारती आहेत. या परिसरालगत शेअर बाजाराची सु. ११८ मी. उंचीची ‘फिरोज जीजीभाई टॉवर्स’ ही इमारत १९८० च्या सुमारास पूर्ण झाली. टाउन हॉलजवळ रिझर्व्ह बँकेचीही उंच इमारत आहे. या इमारतींचे नियोजन झाले तेव्हा शेजारच्या वारसा वास्तूंचा विचार करणे बंधनकारक करणारे नियम मुंबईत नव्हते.

अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले. त्याचा मूळ अभिकल्प सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांचा असून काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केले. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्याच्याशेजारी बहुमजली मनोरा बांधण्यात आला. मूळ वास्तूवर मजले न चढविता नवी इमारत स्वतंत्र ठेवणे आणि तिच्या दर्शनी भागात कमानींचा वापर करणे, या दोन गोष्टींमुळे जुन्या वास्तूचे घुमट व बाह्यरेषा अबाधित राहिल्या. तथापि मनोऱ्याच्या जागेवरील जुने ग्रीन्स हॉटेल पाडावे लागले. एका वास्तूचे रक्षण करताना शेजारची कमी प्रसिद्ध वास्तू गमावली जाते, ही अशा प्रकल्पांतील नेहमीची अडचण होय.

पाया व खोदकाम : मुंबईतील एकोणिसाव्या शतकातील बहुतेक मोठ्या वास्तू दगडी व विटांच्या भारवाहक भिंतींच्या आणि चुन्यात बांधलेल्या आहेत. अशा भिंती मोठा दाब सहन करतात. परंतु पाया एका बाजूस थोडा जरी अधिक खचला, तरी त्यांना तडे जातात. उंच इमारतीच्या तळघरांसाठी खोल खोदकाम करताना बाजूची माती सरकणे, पाणी उपसल्याने भूजल पातळी खाली जाणे आणि स्थूणा ठोकताना कंप निर्माण होणे, असे तीन धोके संभवतात. म्हणून खोदकामापूर्वी जमिनीत काँक्रीटची आधारभिंत घालतात, ठोकण्याऐवजी छिद्र पाडून ओतलेल्या स्थूणा वापरतात आणि शेजारच्या वास्तूंतील तड्यांची आधीच नोंद करून काम चालू असेपर्यंत त्यांचे नियमित मापन करतात.

बॉस्टन येथील जॉन हॅनकॉक टॉवर (६० मजले, सु. २४१ मी.; १९७६) हे या संदर्भातील बोधप्रद उदाहरण आहे. आय. एम. पे यांच्या संस्थेतील हेन्‍री कॉब यांनी इमारतीची अरुंद बाजू चौकाकडे वळविली व आरशासारखी काच वापरली. त्यामुळे १८७७ मध्ये पूर्ण झालेल्या शेजारच्या ट्रिनिटी चर्चचे प्रतिबिंब तिच्यात उमटते. दृश्याचा प्रश्न अशा रीतीने कौशल्याने सुटला. परंतु भराव घातलेल्या जमिनीत पाया खोदताना तात्पुरत्या पोलादी आधारभिंती सरकल्या व लाकडी स्थूणांवर उभ्या असलेल्या चर्चला इजा पोहोचली. पुढे चर्चने न्यायालयाकडून भरपाई मिळविली. दृश्य अभिकल्पाइतकेच भूमिगत कामालाही महत्त्व आहे, हे यावरून दिसते.

छाया, वारा व दृश्य : मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अयनदिनी मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सु. ४७·५° वर असतो. म्हणून ११८ मी. उंचीच्या इमारतीची छाया त्या वेळी उत्तरेकडे सु. १०८ मी. पर्यंत पडते, सकाळी व सायंकाळी ती याहून बरीच लांब असते. उंच भिंतीवर आदळलेला वारा खाली वळून पदपथावर जोराने वाहतो. यावर उपाय म्हणून खालचे मजले शेजारच्या वास्तूंच्या कंगोऱ्याइतक्या उंचीचे व रस्त्याच्या रेषेत ठेवून मनोरा मागे सरकवितात. ठराविक ठिकाणांहून जुनी वास्तू व तिच्यामागील आकाश कसे दिसेल, हेही प्रतिकृती व रेखाटनांच्या साहाय्याने तपासतात. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलच्या दर्शनासाठी १९३७ पासून उंचीचे निर्बंध आहेत. कोलोन कॅथीड्रलसमोर, ऱ्हाईन नदीपलीकडे योजिलेल्या उंच इमारतींमुळे ते २००४ मध्ये धोक्यातील जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेले आणि उंचीवर मर्यादा घातल्यानंतर २००६ मध्ये यादीतून बाहेर आले.

नियमन व विकास हक्क : बृहन्मुंबईसाठी वारसा नियम १९९५ मध्ये लागू झाले. असे नियम करणारे मुंबई हे भारतातील पहिले शहर होय. त्यांनुसार वास्तू व परिसर यांच्या तीन श्रेणी करण्यात आल्या आणि वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेण्याची तरतूद झाली. केंद्र-संरक्षित स्मारकांभोवती १०० मी. पर्यंत नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मी. क्षेत्रात ते नियंत्रित असते. ही तरतूद कायद्यात २०१० मध्ये करण्यात आली. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहांना २०१८ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

निर्बंधांमुळे मालकास चटई क्षेत्र निर्देशांकानुसार अनुज्ञेय असलेले सर्व बांधकाम करता येत नाही. भाडेनियंत्रणामुळे तुटपुंजे उत्पन्न असलेल्या जुन्या इमारतींच्या बाबतीत हा भार अधिकच जाणवतो आणि दुरुस्तीअभावी वास्तू जीर्ण होते. न्यूयॉर्कमधील ग्रँड सेंट्रल स्थानकावर ५० हून अधिक मजल्यांचा मनोरा बांधण्यास नकार देण्यात आला, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो निर्णय ग्राह्य धरला. न वापरलेले हक्क जवळच्या भूखंडांवर नेण्याची मुभा मालकास होती, हेही न्यायालयाने विचारात घेतले. मुंबईच्या नियमांतही गमावलेल्या हक्कांच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूद करण्यात आली. त्यामुळे उंच बांधकाम जुन्या वास्तूपासून दूर नेता येते. मात्र ते जेथे जाईल तेथील रस्ते, पाणी व मोकळ्या जागांवर ताण पडतो. वारसा परिसर आणि हक्क स्वीकारणारा विभाग या दोहोंचा एकत्र विचार केल्यासच असे नियोजन परिपूर्ण ठरते.