कलरिंग अ‍ॅपमध्ये आपला बैल कुठाय?

घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या हातात मोबाइल जातोच. मग त्यावर चित्रंच काढू देऊ की! पण कोणती?

घरात लहान भाचा, पुतणी किंवा शेजारची एखादी चिमुरडी असेल, तर हा सीन तुमच्या ओळखीचा असणार. 'दादा, मोबाइल दे ना' अशी भुणभुण सुरू होते. आपण अभ्यासात, नाहीतर रील्समध्ये. मग एखादं कलरिंग अ‍ॅप उघडून फोन दिला, की पंधरा मिनिटं शांतता!

त्या पंधरा मिनिटांत ते पोरगं काय रंगवतंय, ते एकदा डोकावून बघा. युनिकॉर्न, बर्फाचा माणूस, राजकन्येचा महाल. शिरूर-दौंडच्या पोरांनी रोज पाहिलेलं त्यात फारसं काही नसतं. उसाची ट्रॉली नाही, गुऱ्हाळ नाही, दौंड जंक्शनला उभं असलेलं इंजिन नाही, घोडनदीचा पूल नाही. मध्ये मध्ये जाहिराती येतात, त्या वेगळ्याच.

टॅप केलं, रंग भरला!

या अ‍ॅप्समध्ये रंगाची बादली असते. बोट टेकवलं की अख्खा भाग रंगतो. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना हे 'फ्लड फिल' माहीत असेल. बोट टेकलं त्या ठिपक्याच्याच रंगाचे शेजारचे ठिपके शोधायचे, मग त्यांच्या शेजारचे, आणि रेष आडवी आली की थांबायचं. रेषेत बारीक फट राहिली, तर पाट फुटल्यावर पाणी पसरतं तसा रंग पानभर पसरतो.

बघायला मजा येते, पण यात हाताला काम काहीच नाही. खडूवर कमी-जास्त दाब देणं, रेषेजवळ आल्यावर हात सावकाश चालवणं, हे शिकायला कागदच हवा. डिजिटलची गंमत वेगळी आहे, ती म्हणजे 'अनडू'. चुकलं तरी कागद वाया जात नाही, त्यामुळे बुजरं पोरगंही बिनधास्त रेघा मारतं. म्हणून मोबाइल कागदाच्या जोडीला ठेवा, त्याच्या जागी नको.

एका बाबाचा जुगाड

मुलांसाठीच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधलं एक गाजलेलं नाव म्हणजे 'किड पिक्स'. अमेरिकेतल्या क्रेग हिकमन यांचा तीन वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या 'मॅकपेंट'शी झटापट करत होता. ते बघून त्यांनी त्याच्यासाठी हा प्रोग्रॅम लिहिला आणि १९८९ मध्ये तो फुकट वाटला. त्यात चित्र खोडायला चक्क फटाका होता!

त्याच वाटेवरचा 'टक्स पेंट' बिल केंड्रिक यांनी २००२ मध्ये आणला. तो ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. फुकट, जाहिराती नाहीत, चित्र काढायला इंटरनेट लागत नाही आणि मेनू मराठीतही होतो. घरात जुना लॅपटॉप पडून असेल, तर तो कामाला लावा.

आपलं गाव आपणच घालू

टक्स पेंटमध्ये 'स्टार्टर' नावाची सोय आहे. पांढऱ्या कागदावर काळ्या स्केचपेननं बैल काढा. फोटो काढून तो स्वच्छ ब्लॅक अँड व्हाइट करा, पीएनजी फाइल बनवा आणि स्टार्टरच्या फोल्डरमध्ये टाका. झालं तुमचं कलरिंग पेज तयार! मूल त्यात रंग भरतं, पण तुमची रेष मिटत नाही. खोडरबर फिरवला तरी बैल जागेवरच.

शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांच्या हातात टॅब कधीच आले. बऱ्याच शाळांत कॉम्प्युटर, प्रोजेक्टरही पोचलेत. त्यावर रंगवायला आपल्या गावची चित्रं मात्र आपणच काढायला हवीत. एनएसएसचं शिबिर असतंच. चार जणांनी मिळून वीस चित्रं काढली, तर अख्खी शाळा रंगवत बसेल. साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड कामगारांची मुलं असतात. त्यांच्यासाठी हीच चित्रं कागदावर छापून न्या.

हे लक्षात ठेवा

• दोन वर्षांखालच्या बाळांना स्क्रीन नकोच. २ ते ५ वयाच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि ५ ते १० वयाच्या मुलांना दोन तासांपेक्षा कमी, असं इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स सांगते.
• फोन देताना इंटरनेट बंद करा.
• तयार चित्राआधी कोरं पान उघडून द्या.
• 'झाडाला हिरवाच रंग दे' असं सांगू नका. निळा बैल असला तर असू द्या. 'हा असा का रे?' एवढं विचारा आणि ऐका.