ओंडक्याचा भाव आणि अवजाराचा खर्च

घराला सागवानी चौकट बसवावयाची ठरली म्हणजे आपण घासाघीस करतो ती घनफुटाच्या भावावरून. त्या भावात झाडाची किंमत किती आणि ते झाड रानातून बाजारात आणण्याच्या कामाची किती, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. बल्लारशाच्या आगारात साग लिलावाला मांडला जातो तेव्हा त्यावर तोडणी, फांद्यांची छाटणी, तुकडे पाडणे, ओढणी, चढवणी, वाहतूक आणि थप्पी लावणे एवढे सोपस्कार झालेले असतात. याच भागातील साग २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या कामासाठी गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी लाकडाचे कौतुक केले. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या लाकडामागच्या हिशेबाविषयी.

गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला हत्तींचा कॅम्प आहे. एके काळी या बाजूच्या रानात ओंडके ओढण्याचे काम हत्ती करीत. हत्तीचा खर्च डोळ्यांना दिसतो. काम असो वा नसो, तो खातो, त्याला माहूत लागतो, उन्हे तापली की विसावा लागतो. ट्रॅक्टर आला तेव्हा अनेकांना हायसे वाटले, कारण उभा ट्रॅक्टर काही खात नाही. पण हीच समजूत फसवी आहे. उभा ट्रॅक्टरही खातो, फक्त त्याचे खाणे दिसत नाही.

हिशेब ध्यानात यावा म्हणून आम्ही सोपे आकडे घेतो. ट्रॅक्टर १० लाखांचा, शेवटी मोडीत २ लाख येणार आणि त्याचे आयुष्य ८,००० तासांचे. म्हणजे दर तासाला झीज १०० रुपयांची. आयुष्यभरात त्यात सरासरी ६ लाख अडकून राहतात; शेकडा १० व्याजाने वर्षाला ६० हजार झाले. वर्षात १,००० तास काम मिळाले तर व्याजाचे ताशी ६० रुपये पडतात, ५०० तास मिळाले तर १२०. डिझेलचा थेंब न जाळता, चालकाला दमडी न देता एका ठिकाणी तासाचे १६० रुपये बसले, दुसऱ्या ठिकाणी २२०. आपल्याकडे पावसाळ्यात रानातील वाटा चिखलाने बंद होतात. ते चार महिने यंत्र छपराखाली असते, व्याज मात्र भिजत नाही! म्हणून जाणता ठेकेदार यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी कामाचे तास विचारतो.

दुसरा मोठा खर्च अंतराचा. पडलेला ओंडका रस्त्यापर्यंत ओढावा लागतो. रस्ते जवळजवळ काढले तर ओढणी स्वस्त, पण रस्त्यांचा खर्च भारी. दूरदूर काढले तर उलट. अमेरिकेत डी. एम. मॅथ्यूज यांनी १९४२ साली लाकूडतोडीच्या खर्चावर पुस्तक लिहिले, त्यात हा पेच गणिताने सोडविलेला आहे. ४०० मीटरांवर रस्ते असताना घनमीटरमागे रस्त्याचे १६० आणि ओढणीचे ४० रुपये पडतात असे धरा. बेरीज २००. अंतर दुप्पट, म्हणजे ८०० मीटर केले की रस्त्याचे ८० होतात आणि ओढणीचेही ८०, बेरीज १६०. आणखी दुप्पट केले की ४० आणि १६०, पुन्हा २००. दोन्ही खर्च जेथे सारखे होतात तेथे बेरीज सर्वांत कमी. ज्याने पायवाटेने कूप न फिरता कागदावर रस्ता आखला, त्याला हे गणित वाचवू शकत नाही हे खरे. नाला आणि खडक गणिताला जुमानत नाहीत.

आता हातातल्या अवजाराकडे वळू. कुऱ्हाड आणि दोघांनी ओढावयाची आडवी करवत यांच्या जागी पुष्कळ ठिकाणी साखळीची करवत आली आहे. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली अशी विजेवर चालणारी करवत केली, तिचे वजन ६४ किलो होते आणि ती उचलायला दोन माणसे लागत. पुढे वजन उतरले. १९४६ साली अमेरिकेत जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका भुंगेऱ्याची अळी लाकूड उभे-आडवे सारख्याच सहजतेने पोखरताना पाहिली आणि तिच्या जबड्याच्या घडणीवरून साखळीचा नवा दात बनविला. करवतीच्या इतिहासात असा गुरू दुसऱ्या कोणाला लाभला नसेल.

या करवतीच्या इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावे लागते. पन्नासास एक असे प्रमाण असेल तर ५ लिटरला १०० मिलिलिटर. तेलात काटकसर केली की दट्ट्या जळतो आणि शंभर रुपये वाचविणाऱ्याचे हजारो जातात. साखळीला धार आहे की नाही हे मात्र पैसा न खर्चता कळते. करवतीतून लाकडाचे टपोरे कीस उडत असले तर धार ठीक. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबून गोल कानस हाती घ्यावी. मक्त्याने काम करणाऱ्याला हे थांबणे जिवावर येते. तो बोथट साखळी जोर लावून रेटतो; पेट्रोल जास्त जळते आणि हातही लवकर थकतात.

त्या हातांना मजुरी कशी मिळते? ओंडक्याचे माप आपल्याकडे घेराच्या चौथाईने घेण्याचा प्रघात आहे. घेराचा चौथा हिस्सा घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा आणि लांबीने गुणावयाचे. १२० सेंटिमीटर घेराचा, ३ मीटर लांबीचा ओंडका या रीतीने ०.२७ घनमीटर भरतो. गोल लाकडाचे खरे माप ०.३४४ घनमीटर. शेकडा साडेएकवीस लाकूड मापातून गळाले! चौकोनी कापताना बाजूच्या फळ्या वाया जातात, त्याची ही सूट; गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती रास्तही आहे. परंतु मजुराने तोडला आणि ओढला तो अख्खा ओंडका. दर ठरविताना ही गळती धरली नसेल, तर तेवढे काम त्याने फुकट केले. मुंबई राज्यात १९४७ पासून बाळासाहेब खेर यांच्या सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना कूप देण्यास सुरुवात केली ती ठेकेदाराला मधून काढण्यासाठी. ठेकेदाराच्या जागी संस्था आली, तरी मापाची आणि अवजाराच्या खर्चाची वही संस्थेलाही लिहावीच लागते.

या वहीत एक रकाना बहुधा कोरा राहतो. करवतीच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडावर येते. वर्षानुवर्षांच्या कंपाने बोटांतील रक्तप्रवाह मंदावून बोटे पांढरी पडतात. यावर शिरस्त्राण, कानाची झाकणे आणि खास विजार मिळते. त्या विजारीत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडात शिरली की धागे ओढले जाऊन यंत्रात गुंततात आणि साखळी जागीच थांबते. या सर्व सरंजामाला ८ हजार रुपये पडले आणि तो ८०० तास टिकला असे धरा. तासाला १० रुपये झाले. करवत तासाला २ घनमीटर कापीत असेल तर घनमीटरमागे ५ रुपये. आम्ही हे ५ रुपये पेट्रोल, तेल आणि साखळीच्याच ओळीत मांडतो, आणि दर सांगताना ते धरूनच सांगतो.