नऊ बाइटांचा श्रीगणेशा

इंटेलचा एसडीके-८५ हा बोर्ड १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आला, तो सुट्या भागांच्या रूपात. घेणाऱ्याने स्वतः सोल्डरिंग करून तो उभा करायचा. त्यावर ८०८५ मायक्रोप्रोसेसर, २५६ बाइट रॅम, २ किलोबाइटचा मॉनिटर प्रोग्रॅम, २४ बटणांचा कीपॅड आणि सहा आकडी लाल डिस्प्ले. डिस्प्लेचे पहिले चार आकडे मेमरीतला पत्ता दाखवतात, उरलेले दोन त्या पत्त्यावर काय आहे ते सांगतात. रीसेट दाबले की ‘- ८० ८५’ उमटते आणि संगणक तयार असतो. पडदा नाही, डिस्क नाही, ऑपरेटिंग सिस्टिमही नाही.

महाराष्ट्रातल्या पॉलिटेक्निकमध्ये किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला टेबलावर असणारे ‘८०८५ किट’ याच घराण्यातले. शेजारी घड्या पडून फाटत आलेली ओपकोड शीट, आदल्या रात्री लिहून आणलेले जर्नल, आणि अभ्यासाला गावकर. अमेरिकेत सिरॅक्यूसच्या कॉलेजात शिकवणाऱ्या रमेश गावकर यांचे ८०८५ वरचे पाठ्यपुस्तक १९८४ मध्ये आले आणि भारतातल्या कित्येक पिढ्यांनी ते उराशी बाळगले.

असेंब्ली शिकायची असेल तर आजही सुरुवात याच बोर्डावर करावी, असे माझे ठाम मत आहे. कारण एकच: हे अख्खे यंत्र एका माणसाच्या डोक्यात मावते. आपण टाकलेल्या प्रत्येक बाइटचे काय झाले, हे शेवटपर्यंत सांगता येते.

पहिला प्रोग्रॅम बहुतेक बेरजेचा असतो. ए रजिस्टरमध्ये २५ भरा, बी मध्ये १७ भरा, बेरीज करा, उत्तर २०५० या पत्त्यावर ठेवा, थांबा. कागदावर एवढे लिहिले की ओपकोड शीट उघडायची आणि एकेका सूचनेचा आकडा शोधायचा. त्यालाच हाताने असेंबल करणे म्हणतात. हाती येतात नऊ बाइट: ३ई २५, ०६ १७, ८०, ३२ ५० २०, ७६. इथे नवखा माणूस हमखास अडतो, कारण २०५० हा पत्ता उलटा, ५० आधी आणि २० नंतर, असा लिहिलेला आहे. इंटेलचे प्रोसेसर पत्त्याचा खालचा बाइट आधी घेतात. २००० या पत्त्यापासून हे बाइट एकामागून एक दाबायचे, मग ‘गो’ दाबून २००० द्यायचे आणि ‘एक्झिक्यूट’. ८०८५ ला या सगळ्यासाठी घड्याळाचे ३६ ठोके लागतात. या बोर्डावर ठोका ३.०७२ मेगाहर्ट्झचा, म्हणजे काम सुमारे १२ मायक्रोसेकंदांत संपते. टाइप करायला मात्र काही मिनिटे गेलेली असतात.

मग २०५० उघडून पाहावे, तर ४२ नाही, ३सी! यंत्र चुकलेले नाही. आपण दिलेले २५ आणि १७ हे हेक्स होते आणि त्यांची हेक्स बेरीज ३सी हीच आहे. दशमान उत्तर हवे असेल तर बेरजेनंतर डीएए ही सूचना घालायची, ओपकोड २७. ती शेवटचा अंक सी पाहते, तो नवाहून मोठा म्हणून ६ मिळवते, आणि ४२ येते. पण ते २७ घालायचे कुठे? मधे मोकळी जागा नाही. पुढचे चारही बाइट एकेक घर सरकवून पुन्हा टाइप करावे लागतात. प्रोग्रॅम म्हणजे मेमरीतल्या सलग घरांत बसलेले आकडे, हे त्या चार बाइटांनी जसे कळते तसे कुठल्याही व्याख्येने कळत नाही. त्यानंतर दर काही सूचनांमागे एखादे ‘नॉप’, म्हणजे ००, मोकळे सोडायची सवय आपोआप लागते. आणि मधेच वीज गेली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून, कारण रॅम काहीच लक्षात ठेवत नाही.

ओपकोड शीट पाठ करायची गरज नाही, पण ती निरखावी. ‘मूव्ह’ जातीच्या सूचनांत पहिले दोन बिट ०१, पुढचे तीन ‘कुठे’ आणि शेवटचे तीन ‘कुठून’ हे सांगतात. बी म्हणजे ०००, ए म्हणजे १११, तर एच-एल जोडीने दाखवलेली मेमरी म्हणजे ११०. मग मेमरीतून मेमरीत, त्याच घरात, हलवायची सूचना ०१ ११० ११० व्हायला हवी. हेक्समध्ये ती ७६ होते, आणि ७६ तर हॉल्ट! ज्या सूचनेचा काही उपयोगच नव्हता, तिची जागा रचनाकारांनी थांबण्याला देऊन टाकली. हे मला या प्रोसेसरमधले सर्वांत सुंदर ठिकाण वाटते. हॉल्ट विसरलात तर प्रोसेसर पुढच्या घरांत पडलेला कचराही सूचना समजून इमानाने पाळत जातो.

८०८५ मध्ये सुमारे साडेसहा हजार ट्रान्झिस्टर आहेत आणि त्याला ५ व्होल्टचा एकच पुरवठा पुरतो. आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत. एवढ्याशा चिपच्या ८०सी८५ या भावंडाने १९९७ मध्ये मंगळावर सोजर्नर ही गाडी चालवली.

रास्पबेरी पायवरही असेंब्ली शिकता येते, आणि सोयी तिथे कितीतरी जास्त आहेत. पण पहिल्या पायला वीज दिली की आधी जागा होतो तो ग्राफिक्स प्रोसेसर. तो एसडी कार्डावरच्या फाइली वाचतो, आणि त्यानंतर एआरएमची पाळी येते. शिवाय ८०८५ मेमरीतला आकडा थेट बेरजेत घेतो, एआरएमला तो आधी रजिस्टरमध्ये आणावा लागतो. हा फरक किती मोठा आहे ते दोन्ही हाताळल्यावरच उमगते, म्हणून पाय दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा.

बेरीज जमली की पुढचा प्रोग्रॅम एलईडी लुकलुकवण्याचा करावा. बोर्डावरच्या ८१५५ चिपचा पोर्ट ए मोकळा असतो: २० या पोर्टवर ०१ पाठवले की तो आउटपुट होतो, मग २१ वर एफएफ पाठवले की सगळ्या पिना वर जातात आणि ०० पाठवले की खाली येतात. पिनेतून फारसा करंट मिळत नाही, म्हणून मधे एक ट्रान्झिस्टर घालावा. एफएफ आणि ०० पाठवण्याच्या मधे थांबायला लूप लागते. सी रजिस्टरमध्ये ०० भरून तो शून्य होईपर्यंत एकेक कमी केला तर २५६ फेऱ्या होतात, दर फेरीला १४ ठोके, म्हणजे जेमतेम १.२ मिलिसेकंद. डोळ्यांना ते दिसणार नाही. म्हणून बाहेर बी ची तशीच लूप गुंडाळायची. आतली लूप संपते तेव्हा सी आपसूक शून्यावरच असतो, त्यामुळे तो पुन्हा भरावा लागत नाही, आणि विराम सुमारे ०.३ सेकंदांचा होतो. हा हिशेब आधी कागदावर करावा आणि मगच एक्झिक्यूट दाबावे.